अष्टपैलू गिटार आणि आपली यादी

‘अष्टपैलू’ हे विशेषण मराठी समीक्षेने इतक्या सढळ हाताने वापरले आहे, की त्यातले आठ पैलू नेमके कोणते, हा प्रश्न आता कुणाला पडत नाही. एखाद्या लेखकाला अष्टपैलू म्हणताना कथा, कादंबरी, कविता, नाटक, ललितगद्य, समीक्षा असे रकाने आपल्या मनात आधीच आखलेले असतात. त्यांतले चार-पाच भरले की विशेषण बहाल होते. ओवी, भारूड, आख्यान, जलशातले गाणे अशा रूपांत आयुष्यभर रचना करणारा माणूस मात्र ‘लोककलावंत’ राहतो. त्याच्या रचनेत विविधता नसते असे नव्हे; त्याच्या विविधतेसाठी रकाना नसतो, इतकेच. यादी आधी ठरते, विशेषण मागाहून येते.

ही गोष्ट साहित्यापेक्षा एखाद्या वस्तूच्या संदर्भात अधिक स्वच्छ दिसते, म्हणून येथे इलेक्ट्रिक गिटारविषयी लिहितो आहे. विषय या पानावर थोडा उपरा वाटेल. परंतु हिंगोलीसारख्या जिल्ह्यातला एखादा विद्यार्थी दोन-तीन वर्षे पैसे साठवून एकच गिटार घेऊ शकतो, आणि ‘सगळे काही वाजवता येईल अशी कोणती घेऊ?’ असे विचारतो, तेव्हा त्या ‘सगळे काही’चा अर्थ लावणे हे भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे असे मला वाटते. चुकीचा अर्थ लावला तर त्या मुलाचे पैसे जातात. त्याहून मोठे नुकसान म्हणजे त्याच्या हाती आलेले वाद्य त्याच्या कानात लहानपणापासून असलेले गाणे वाजवू शकत नाही, आणि मग दोष वाद्याचा न मानता तो गाण्याचा मानू लागतो.

प्रचलित सल्ला पाहू. जगभरच्या विक्रेत्यांचा आणि शिक्षकांचा या प्रश्नावरचा सल्ला जवळपास एकच असतो. ब्लूज, रॉक, जॅझ, फंक, कंट्री, मेटल ही यादी गृहीत धरायची, आणि यांतल्या प्रत्येकाचा नाद ज्या गिटारमधून निघेल ती अष्टपैलू मानायची. हा सल्ला समजण्यासाठी गिटारच्या यंत्रणेकडे थोडे पाहिले पाहिजे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतात. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. लोखंडी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. तीच पुढे अॅम्प्लिफायरमधून आवाज होऊन बाहेर पडते. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ साली आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये एकेरी वेढ्यांचे तीन पिकअप होते. त्यांचा आवाज स्वच्छ, काचेसारखा. पण विजेच्या तारांची घरघरही ते टिपतात. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी त्यावर उपाय म्हणून दोन वेढे परस्परांच्या उलट जोडले. त्यामुळे घरघर एकमेकींना छेदते आणि आवाज भरदार होतो. हा ‘हम्बकर’ १९५७ पासून गिब्सनच्या गिटारींवर दिसू लागला. आज ‘अष्टपैलू’ म्हणून जी गिटार सुचवली जाते ती बहुधा या दोन घराण्यांचा संकर असते: दांडीच्या बाजूला दोन एकेरी पिकअप, घोडीजवळ एक हम्बकर, आणि त्यांतून निवड करायला पाच खाचांचे बटण.

या सल्ल्यात खोटे काही नाही. पण त्यात अष्टपैलुत्वाची जी कल्पना आहे, ती सर्वस्वी नादाच्या पोताची आहे. त्या यादीतल्या एका प्रकाराहून दुसरा प्रकार ओळखू येतो तो बराचसा आवाजाच्या रंगावरून: स्वच्छ, किंचित फाटलेला, पुरता फाटलेला. म्हणून प्रश्नाचे उत्तरही पिकअप आणि बटणांत शोधले जाते. बटण फिरवले की शैली बदलते, असा हा विचार आहे.

आता हिंगोलीची यादी करू. परंपरा ज्याला नामदेवांचे जन्मस्थान मानते ते नर्सी या जिल्ह्यात आहे, आणि विसोबा खेचरांची व त्यांची भेट जिथे झाली असे सांगतात ते औंढा नागनाथही. तेव्हा यादीत पहिले नाव अभंगाचे आणि कीर्तनाचे. त्याच नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात अठरा रागांत विभागलेली आहेत. म्हणजे एकाच कवीचे शब्द दोन अगदी वेगळ्या गायनपरंपरांत शेकडो वर्षे गायले जात आहेत, आणि नर्सीला येणाऱ्या शीख भाविकांसोबत ती दुसरी परंपराही या मातीत येते. त्यानंतर गोंधळ आणि लावणी. त्यानंतर भीमगीते: वामनदादा कर्डकांपासून प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमपांपर्यंत ज्यांनी हा प्रकार घडवला, त्यांतले कुणी या जिल्ह्याचे नसले तरी त्यांची गाणी इथल्या प्रत्येक जयंतीत आहेत. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कव्वाली आणि उर्दू गझल ही त्या काळाची इथे राहिलेली ठेव. तांड्यांवरची बंजारा गाणी, होळीची लेंगी, तीजेची गीते. आणि या सर्वांवर पसरलेले हिंदी-मराठी चित्रपटसंगीत, ज्यात वर सांगितलेले ब्लूज, रॉक, फंकही वेष पालटून येऊन गेलेले आहेत.

ही यादी पहिल्या यादीपेक्षा लहान नाही. पण तिच्यातले प्रकार एकमेकांपासून वेगळे होतात ते आवाजाच्या रंगाने फारसे नव्हे. अभंग, कव्वाली आणि भीमगीत या तिन्हींच्या साथीला तीच पेटी चालते, हा आपला रोजचा अनुभव आहे. फरक पडतो तो स्वर कसा लावला, एका स्वरावरून दुसऱ्यावर कसे गेले, कुठे थांबले, तालाच्या कोणत्या बाजूला शब्द टाकला यांत. तेव्हा आपल्या यादीसाठी लागणारे अष्टपैलुत्व नादापेक्षा स्वराच्या हालचालीचे आहे, आणि ते बटणांत नसून पडदे, तारा आणि घोडी यांत असते. गिटार निवडताना लक्ष कुठे द्यायचे हे या एका फरकावर ठरते. माझे म्हणणे असे, की यादीतल्या सर्वांत अवघड मागणीसाठी वाद्य निवडावे. सोप्या मागण्या त्या वाद्यावर आपोआप भागतात. आपल्या यादीतली सर्वांत अवघड मागणी म्हणजे न हलणाऱ्या षड्जावर मींड.

दिंडीत किंवा सप्ताहात वीणेकरी काय करतो हे आठवावे. त्याच्या वीणेवर चाल वाजत नाही. ती फक्त सूर धरून असते, आणि अखंड सप्ताहात पहारे बदलतात पण वीणा खाली ठेवली जात नाही. चाल गळ्यातून येते आणि त्या धरलेल्या सुरावर तोलली जाते. शास्त्रीय मैफलीत हेच काम तंबोरा करतो. गोंधळात आणि तमाशात तुणतुण्याच्या एका तारेवर तोच विचार दिसतो. गिटारला सहा तारा आहेत. सहावी तार एक पूर्ण स्वराने उतरवली की खालच्या तीन तारा पांढरी दोनच्या सा-प-सा मध्ये लागतात आणि वरच्या तीन चालीसाठी मोकळ्या राहतात. गायकाची पट्टी वेगळी असेल तर दांडीवर कॅपो लावता येतो. वीणेकरी आणि गायक एकाच वाद्यात बसवण्याची ही सोय पेटीवर पूर्णांशाने नाही. पेटी सूर धरते, पण मींड देऊ शकत नाही.

गिटारवर मात्र ही सोय वाद्याच्या बांधणीवर अवलंबून असते. गिटारचे पडदे समान अंतराच्या सप्तकाप्रमाणे बसवलेले असतात. या सप्तकातला शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा चढा असतो. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भाग चढा. एरवी हे कानाआड होते. पण सा-प-सा वाजत ठेवून त्यावर तो गंधार लावला की तो बोचतो. तार ओढून स्वर वर नेता येतो, खाली आणता येत नाही. म्हणून शुद्ध गंधाराच्या पडद्यावर बोट ठेवून तो उतरवण्याचा मार्ग बंद असतो. कोमल गंधाराच्या पडद्यावर बोट ठेवून तार शहाऐंशी भाग वर ओढायची, हा मार्ग उरतो. दुसऱ्या शब्दांत, पडद्यांच्या वाद्यावर आपला गंधार मींडेनेच मिळतो. तेव्हा मींड ही सजावट म्हणून नंतर शिकायची गोष्ट राहत नाही. ती पहिल्या दिवसापासून लागते.

यातून पाच गोष्टी निघतात, आणि त्या विक्रेत्याच्या यादीत सहसा तळाशी असतात. पहिली, घोडी. पुष्कळ ‘अष्टपैलू’ गिटारींची घोडी स्प्रिंगांवर तोललेली असते, दांडा दाबून स्वर हलवता यावा म्हणून. अशा गिटारवर एक तार ओढली की घोडी किंचित पुढे झुकते आणि बाकीच्या पाच तारा उतरतात. रॉकच्या एकलवादनात हे कुणाला जाणवत नाही. आपण मात्र मींड घेतली की आपलाच षड्ज खचतो. म्हणून पक्क्या बसवलेल्या घोडीची गिटार घ्यावी; तशी मिळत नसेल तर मागच्या पोकळीत लाकडाचा तुकडा घट्ट बसवून घोडी अडवावी, जे एरिक क्लॅप्टन यांच्यासारखे वादकही करत आले आहेत. दुसरी गोष्ट, दांडीचा पृष्ठभाग. तो जुन्या पद्धतीचा, अधिक गोलाकार असेल तर तार लांब ओढल्यावर पुढच्या पडद्याला टेकून आवाज मरतो. सपाटीकडे झुकणारा पृष्ठभाग मींडेला बरा. तिसरी, पडदे उंच असावेत आणि तारा बारीक, तिसरी तार बिनवेढ्याची. चौथी, आवाजाची चकती उजव्या हाताच्या करंगळीच्या टप्प्यात असावी. नखीचा आघात होताना आवाज बंद ठेवून मग तो उघडत नेला तर स्वर टोला दिल्यासारखा न येता श्वासासारखा उगवतो, आणि गायकाच्या मागे सारंगी जशी चालते तसे चालता येते. पाचवी गोष्ट पिकअपची. मिरवणुकीत किंवा मंडपात दिव्यांच्या माळा आणि जनरेटर यांच्या शेजारी उभे राहायचे, तर घोडीजवळ हम्बकर असणे सोयीचे. दांडीजवळचा एकेरी पिकअप अभंगाला पुरतो. म्हणजे पाच खाचांचे ते बटण आपल्यालाही चालते, फक्त ते शेवटी येते. अशी गिटार ब्लूज वाजवत नाही का? उत्तम वाजवते, ब्लूजमधला गंधारही दोन पडद्यांच्या मधलाच आहे. अवघड मागणी आधी भागवावी असे म्हटले ते याचसाठी.

येथे आक्षेप येतील. पहिला आक्षेप शुद्धतेचा: अभंगाला गिटार कशाला? याला हार्मोनियमचा इतिहास उत्तर देतो. युरोपातून आलेल्या या पेटीवर ती मींड देऊ शकत नाही आणि तिचे स्वर समान अंतराचे आहेत या कारणांनी आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली. ती सुमारे तीन दशके टिकली. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खरा होता. तरी त्या काळात एकाही गावच्या भजनी मंडळाने पेटी बंद केली नाही, आणि मराठवाड्याच्याच जालना भागातून आलेल्या अप्पा जळगावकरांसारख्या वादकांनी केवळ बोटांच्या जोरावर तुटक स्वरांतून सलगतेचा भास निर्माण केला. जिच्यात मींडच नाही ती पेटी आपली होऊ शकते, तर जिच्यात मींड आहे ती गिटार परकी कशी, हे मला कळत नाही.

बेंजोचे उदाहरण आणखी जवळचे आहे. १९१२ साली जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून ‘तायशोगोतो’ नावाचे वाद्य केले. ते भारतात बुलबुलतरंग म्हणून आले, महाराष्ट्रात त्याला विजेचा पिकअप लागला आणि बेंजो या नावाने ते वरातीत, गणपतीत, जयंतीत, कव्वालीत शिरले. पिकअप लावलेल्या तारांचे, अनेक प्रकारची गाणी वाजवणारे वाद्य म्हणून पाहिले तर आपल्या मिरवणुकींत ते इलेक्ट्रिक गिटारच्या कितीतरी आधीपासून आहे. ते कुणाच्या ‘अष्टपैलू वाद्यां’च्या यादीत नाही, याचे कारण त्याचे वादक आणि त्यांचे श्रोते यादी करणाऱ्यांत नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक जाणकार आहे: मींडच हवी तर पडदे सोडून सरकपट्टीने गिटार का वाजवू नये? ब्रिजभूषण काब्रांनी तशीच वाजवली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त ती ऐकता येते. विश्वमोहन भट्टांनी त्यातून मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली तिला ग्रॅमी मिळाले. रागासाठी हा मार्ग निःसंशय श्रेष्ठ आहे. पण आपल्या यादीत चित्रपटसंगीताचे ठेके आणि स्वरसंघ आहेत, भीमगीताची ठसकेबाज उडती पट्टी आहे, आणि ती सरकपट्टीवर अवघड जाते. आंध्रातल्या यू. श्रीनिवास यांनी मधला मार्ग दाखवला. मॅन्डोलिनच्या जोडतारा काढून त्यांनी विजेच्या मॅन्डोलिनवर पाच सुट्या तारा ठेवल्या, आणि पडदे कायम ठेवून तारांच्या ओढीतून कर्नाटक संगीताची गमके काढली. त्यांनी तयार वाद्य निवडले, मग आपल्या गाण्यातल्या सर्वांत अवघड जागेप्रमाणे ते बदलले.

तिसरा आक्षेप कीबोर्डचा. त्यात बासरी, सतार, ढोलकी, सगळेच आवाज आहेत. ऑर्केस्ट्रांनी तो केव्हाच स्वीकारला. परंतु सामान्य कीबोर्डचे स्वर वाकवणारे चाक फिरवले की वाजत असलेले सर्व स्वर एकदम सरकतात. स्प्रिंगांवरच्या घोडीचाच हा दोष: गंधाराबरोबर षड्जही चालू पडतो. शेकडो रंग हाताशी आणि हालचाल एकही नाही, अशी ही समृद्धी आहे. चौथ्या आक्षेपाला मात्र उत्तर नाही. वीज गेली की इलेक्ट्रिक गिटार मुकी होते, आणि भारनियमनाची वर्षे ज्यांनी या भागात काढली त्यांना हे वेगळे सांगायला नको. हलगी त्या वेळीही वाजत राहते. म्हणून गिटारने हलगीची जागा घ्यावी असे माझे म्हणणे नाही. तिने हलगीशेजारी उभे राहायला शिकावे.

गेल्या काही वर्षांत अभंगाला गिटारची जोड देणारे प्रयोग पुष्कळ झाले. त्यांतल्या अनेकांत अभंगाची चाल जशीच्या तशी ठेवून तिच्याखाली चार स्वरसंघ घातलेले असतात, आणि मध्ये एक फाटक्या आवाजाचे एकलवादन येते. गिटार रंग देते, चालीत शिरत नाही. गायक गंधार लावत असतो तिथे गिटारचा गंधार त्याच्याहून चढा असतो आणि कुणाला त्याची दखल घ्यावीशी वाटत नाही. याला मी पहिल्या यादीचा विजय म्हणतो: अभंगही तिथे एक ‘शैली’ होऊन, बटणाच्या सहाव्या खाचेसारखा, येऊन बसतो. वर्गात आपण हेच करतो. बंजारा गीत किंवा भीमगीत अभ्यासक्रमात आले की त्याला ‘आशयाची विविधता’ म्हणून जागा देतो, आणि ते वाचण्याची पद्धत मात्र भावकवितेसाठी घडवलेली तशीच ठेवतो. नवे नाव यादीत घातले जाते. यादीमागची मोजपट्टी बदलत नाही. मोजपट्टी बदलायची तर त्या गीताची सर्वांत अवघड जागा कोणती, ती वाचायला कोणते कौशल्य लागते, हे आधी विचारावे लागेल, आणि मग कदाचित आपली भावकविताही अधिक चांगली वाचता येईल.

त्या विद्यार्थ्याला मी इतकेच सांगेन. नांदेडला किंवा आणखी लांब दुकानात गेल्यावर पिकअपची नावे आणि वादकांची चित्रे नंतर पाहावीत. आधी गिटार स्वच्छ आवाजावर ठेवून सहावी तार पांढरी दोनवर उतरवावी. खालच्या तिन्ही तारा एकदा छेडून वाजत ठेवाव्यात. मग दुसऱ्या तारेच्या सहाव्या पडद्यावर, म्हणजे कोमल गंधारावर, बोट ठेवून तार सावकाश शुद्ध गंधारापर्यंत न्यावी आणि तिथे धरून ठेवावी. त्या वेळी खालचा षड्ज हलला तर गिटार परत द्यावी, ती कितीही देखणी असो. षड्ज जागेवर राहिला आणि गंधार त्यात मिसळला, तर किंमत विचारावी.